विश्लेषण : मंगळाची वाट, घरचेच फोन! ‘अवे’ मालिकेने प्रेक्षकांची निराशा का केली?

मंगळाकडे निघालेले यान, तीन वर्षांचा प्रवास, यानात पाच देशांची ओळख सांगणारे पाच अंतराळवीर आणि पृथ्वीवर रुग्णालयात पडलेला कमांडरचा पती. एवढी सामग्री हाताशी असताना मालिका फसणे तसे कठीणच. तरीही नेटफ्लिक्सवर ४ सप्टेंबर २०२० रोजी दाखल झालेल्या ‘अवे’ या दहा भागांच्या मालिकेने अवघ्या दीड महिन्यात गाशा गुंडाळला. दुसरा हंगाम येणार नसल्याचे ऑक्टोबरमध्येच स्पष्ट झाले.

दोन वेळा ऑस्कर पटकावणारी हिलरी स्वँक मुख्य भूमिकेत, निर्मितीमूल्ये उत्तम, विषय जगाच्या कुतूहलाचा. मग माशी कुठे शिंकली? रोजच्या कौटुंबिक मालिकेला अंतराळवीराचा पोशाख चढवला, अशा आशयाची टीका तेव्हा सर्रास झाली. पण ‘भावनांचा अतिरेक’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. अंतराळाच्या कथेकडून प्रेक्षक नेमके काय मागतो, याचे उत्तर या नाराजीत दडले आहे. भारत स्वतःचे अंतराळवीर पाठवण्याच्या तयारीत असताना ते समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे.

मालिकेत काय आहे?

एमा ग्रीन ही अमेरिकी अंतराळवीर मंगळावरील पहिल्या मानवी मोहिमेची कमांडर. तिच्यासोबत अनुभवी रशियन अंतराळवीर मिशा पोपोव्ह, चीनची लू वांग, पहिल्यांदाच अंतराळात जाणारा वनस्पतिशास्त्रज्ञ क्वेसी आणि भारताचा राम आर्य. राम हा मोहिमेचा वैद्यकीय अधिकारी आणि एमानंतरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. ब्रिटिश अभिनेता रे पंथकी याने ही भूमिका केली आहे. मंगळावर जाणाऱ्या पहिल्या तुकडीत भारतीय माणूस दाखवलेला असल्याने आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही मालिकेचे कुतूहल होते.

यान चंद्रावरून मंगळाकडे झेपावणार असते. त्याआधीच एमाच्या पतीला, म्हणजे नासातील अभियंता मॅटला, पक्षाघाताचा झटका येतो. आता घरी परतायचे की पुढे जायचे, हा एमापुढचा प्रश्न. ती पुढे जाते. तिथून कथा दोन रुळांवर धावते. एकीकडे यानातील बिघाड आणि सहकाऱ्यांचे रुसवेफुगवे, तर दुसरीकडे ह्यूस्टनमधील घर, मॅटचे उपचार आणि किशोरवयीन मुलीची शाळा, मित्र, बंडखोरी. हंगामाच्या अखेरीस यान मंगळावर पोहोचते.

मालिकेची प्रेरणा खरी होती. ‘एस्क्वायर’ मासिकात पत्रकार ख्रिस जोन्स यांनी अंतराळवीर स्कॉट केली यांच्या दीर्घ मुक्कामाच्या तयारीवर याच नावाचा लेख लिहिला होता. घरापासून दूर राहण्याची किंमत काय असते, हा त्याचा गाभा. तोच मालिकेचाही गाभा असणार होता.

प्रेक्षक का नाराज झाले?

नाराजीचे सूर तीन होते.

पहिला सूर अपेक्षाभंगाचा. जाहिरातीत मंगळ दिसला, पडद्यावर मात्र दिवाणखाना, रुग्णालय आणि शाळाच अधिक वेळ दिसत राहिली. यानात काही गंभीर घडू लागले की कथा पृथ्वीवर उतरते किंवा एखाद्या पात्राच्या बालपणात शिरते. ताण साचायला वेळच मिळत नाही, ही तक्रार त्यातूनच आली.

दुसरा सूर पात्रांच्या वागण्याबद्दलचा. चंद्राकडे जाताना यानात छोटी आग लागते आणि त्या प्रसंगानंतर मिशा आणि लू यांचा कमांडरवरील विश्वास उडतो. मुख्य प्रवास सुरू होण्याआधीच अविश्वास, टोमणे आणि गटबाजी. वर्षानुवर्षे एकत्र प्रशिक्षण घेतलेली माणसे अशी वागतील, हे अनेकांना पटले नाही.

तिसरा सूर वरकरणी क्षुल्लक, पण सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे फोन. एमा घरी फोन लावते, पती बोलतो, मुलगी रडते, एमा समजूत काढते. प्रवासाच्या सुरुवातीला तर हे संभाषण एखादी आई कामानिमित्त परगावी गेली असावी, तसे वाटते. कोट्यवधी किलोमीटरच्या प्रवासाला निघालेली बाई आणि मुंबईहून नागपूरला गेलेली बाई यांच्यात फरकच उरत नाही. पुढे संपर्क विरळ होत जातो खरा, पण तोवर अनेक प्रेक्षकांच्या मनातून अंतराचा धाक निघून गेलेला असतो.

घोडे पेंड खाते ते इथेच.

फोनचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का?

रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथल्या माणसाशी बोलताना अंतरामुळे होणारा विलंब जाणवण्याइतकाही नसतो.

चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. संदेश जायला सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. म्हणजे ‘कशी आहेस?’ विचारल्यावर उत्तर ऐकू यायला अडीच सेकंद. संभाषण होते, पण अडखळत.

यान पृथ्वीपासून एक कोटी किलोमीटरवर गेले की एका बाजूचा विलंब ३३ सेकंद. प्रश्न आणि उत्तर यांत एक मिनिटाहून जास्त शांतता. आता भांडण करून पाहा. तुम्ही रागाने काही बोललात आणि लगेच पश्चात्ताप होऊन माफी मागितलीत, तरी समोरच्याचा पहिला संताप अजून वाटेतच असतो. तुमची माफी त्याच्यापर्यंत पोहोचलेलीही नसते.

मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा अंतर साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास असते आणि संदेशाला तीन मिनिटे लागतात. सर्वांत दूर असताना अंतर ४० कोटी किलोमीटर आणि वेळ सुमारे २२ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर पाऊण तासाने. शिवाय साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य या दोन ग्रहांच्या मध्ये येतो. त्या काळात नासा मंगळावरील यानांना सुमारे दोन आठवडे आज्ञाच पाठवत नाही, कारण सूर्याच्या प्रभावामुळे संदेश बिघडण्याची भीती असते.

ही माहिती कोरडी वाटेल, पण कथेच्या दृष्टीने ती सोन्याची खाण आहे. नवऱ्याची शस्त्रक्रिया सुरू आहे आणि जी बातमी आत्ता कानावर पडते आहे ती वीस मिनिटांपूर्वीची आहे. या वीस मिनिटांत काय झाले असेल? मुलीने रडत पाठवलेला संदेश ऐकताना आईला ठाऊक आहे की मुलगी आता कदाचित झोपलीही असेल. मध्येच थांबवता येत नाही, हुंकार देता येत नाही, ‘ऐक ना’ म्हणता येत नाही. विरह दाखवायला याहून मोठे साधन कोणते?

म्हणजेच ज्याला ‘तांत्रिक तपशील’ समजून बाजूला सारले जाते, तोच या कथेतल्या भावनेचा उगम आहे. अंतर पुसले की विरहही पुसला जातो. मग तो भरून काढायला पार्श्वसंगीत, अश्रू आणि आठवणींची दृश्ये वाढवावी लागतात. प्रेक्षकाला जो भावनांचा अतिरेक वाटतो, तो प्रत्यक्षात विज्ञानाच्या अभावातून आलेला असतो.

अंतराळवीर खरोखर असे भांडतात का?

भांडणे होत नाहीत असे नाही. पण निवडीची चाळणी फार बारीक असते. नासाने २०१७ मध्ये नव्या अंतराळवीरांची तुकडी निवडली, तेव्हा १८,३०० हून अधिक अर्ज आले होते आणि निवड झाली ती १२ जणांची. भारतीय वंशाचे राजा चारी त्याच तुकडीतले. कौशल्याइतकाच माणूस इतरांशी कसा जुळवून घेतो, याचाही या निवडीत विचार होतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कमांडरविरुद्ध कुजबुज, हे प्रेक्षकाच्या घशाखाली उतरत नाही.

दीर्घ एकांतात माणसांचे काय होते, याचे प्रयोग पृथ्वीवर झाले आहेत. मॉस्कोतील ‘मार्स-५००’ प्रयोगात जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा पुरुष ५२० दिवस बंदिस्त कक्षांत राहिले. मंगळाच्या प्रवासातील संदेशाचा विलंबही त्यात मुद्दाम आणला होता. त्यातले निष्कर्ष टीव्हीला साजेसे अजिबात नव्हते. आरडाओरडा कमी होता, मंदावणे जास्त होते. हालचाल घटली, विश्रांती आणि झोपेचे तास वाढले, बहुतेकांच्या झोपेचे काही ना काही बिनसले.

आणखी एक निष्कर्ष लक्ष वेधणारा होता. सहकाऱ्यांशी झालेल्या खटक्यांपेक्षा नियंत्रण कक्षाशी झालेले खटके सुमारे पाचपट अधिक नोंदवले गेले. म्हणजे बंद दाराआडची माणसे एकमेकांवर कमी आणि बाहेर बसून सूचना देणाऱ्यांवर जास्त चिडत होती. मुख्यालयातून येणाऱ्या ईमेलवर शाखेतील कर्मचारी वैतागतात, तसेच हे. हा खराखुरा मानवी स्वभाव पडद्यावर आला असता, तर प्रेक्षकांनी त्यात स्वतःचे कार्यालय पाहिले असते.

नासाने ह्यूस्टन येथे जून २०२३ ते जुलै २०२४ या काळात असाच ३७८ दिवसांचा प्रयोग केला. त्रिमितीय छपाई तंत्राने बांधलेल्या सुमारे १,७०० चौरस फुटांच्या घरात चार स्वयंसेवक राहिले. तिथेही संपर्कातील विलंब हा प्रयोगाचाच भाग होता. मंगळाच्या प्रवासात विलंबाची सवय करून घेणे हे प्रशिक्षण आहे, याचीच ही पावती.

मग मालिकेत सगळेच चुकीचे होते का?

नाही, आणि न्याय करायचा तर हेही सांगायला हवे. मिशाची दृष्टी अंधुक होत जाते, हे कथानक कल्पित नाही. दीर्घकाळ अंतराळात राहिलेल्या अनेकांच्या डोळ्यांत बदल झाल्याचे आढळले आहे. वजनरहित अवस्थेत शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. मंगळ मोहिमेपुढील गंभीर वैद्यकीय अडचणींत याची गणना होते.

यानातील पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते, हा धागाही वास्तवाला धरून आहे. अंतराळ स्थानकात घाम, उच्छ्वासातील बाष्प आणि मूत्र यांपासून पुन्हा पिण्याचे पाणी तयार होते. हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत नेण्यात यश आल्याचे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले. उरलेल्या दोन टक्क्यांची तूटही तीन वर्षांच्या प्रवासात भारी पडू शकते. सौर पॅनल न उघडण्याचे संकटही खरे घडलेले आहे. १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’चे पॅनल अडकले होते आणि अंतराळवीरांना बाहेर पडून ते मोकळे करावे लागले होते.

घरच्या दुःखाचे काय? तेही खोटे नाही. अमेरिकी अंतराळवीर डॅनियल टानी हे अंतराळ स्थानकात असताना १९ डिसेंबर २००७ रोजी त्यांच्या आईचे अपघाती निधन झाले. त्यांना घरी आणणाऱ्या यानाचे उड्डाण इंधन टाकीतील संवेदकांच्या बिघाडामुळे लांबले होते. ते परतले फेब्रुवारी २००८ मध्ये. जानेवारी २०११ मध्ये स्कॉट केली यांच्या भावाची पत्नी, तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा केली स्थानकाचे कमांडर होते आणि त्यांना खाली येणे शक्य नव्हते.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे जून २०२४ मध्ये साधारण आठ दिवसांसाठी गेले आणि २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतले. त्या काळात त्यांच्या घरच्यांनी सण, वाढदिवस, मुलांच्या शाळेचे महत्त्वाचे दिवस त्यांच्याविना काढले. तेव्हा अंतराळवीराच्या घराची गोष्ट सांगूच नये, असे कोणी म्हणणार नाही.

कौटुंबिक कथा नको, असे प्रेक्षकांचे म्हणणे आहे का?

तसे दिसत नाही. ‘अवे’च्या दहा महिने आधी ॲपल टीव्ही प्लसवर ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही मालिका सुरू झाली. चंद्रावर पहिले पाऊल अमेरिकेऐवजी सोव्हिएत संघाने ठेवले असते तर, अशी तिची कल्पना. त्यातही संसार आहेत, घटस्फोट आहेत, मुले आहेत, दारू आहे. पण चंद्रावर अडकलेल्या बापाच्या मुलाला पृथ्वीवर अपघात होतो, तेव्हा तो बाप ताबडतोब परतू शकत नाही, ही एकच गोष्ट सगळा प्रसंग उचलून धरते. तिथे अंतर हा कथेचा कणा आहे. या मालिकेचे चार हंगाम झाले आणि पाचव्यालाही मंजुरी मिळाली.

याउलट ‘अवे’च्या दोन वर्षे आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये हुलूवर आलेल्या ‘द फर्स्ट’चे उदाहरण घ्या. ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे कर्ते बो विलिमन यांची ही निर्मिती, शॉन पेन मुख्य भूमिकेत. विषय पुन्हा मंगळाची पहिली मोहीम. पहिल्याच भागात अग्निबाणाचा स्फोट होतो. त्यानंतर कथा नायकाचे दुःख, मुलीचे व्यसन आणि मोहिमेसाठीच्या परवानग्या यांत रमते. यानाचे उड्डाण होते ते आठव्या, म्हणजे शेवटच्या भागात. मंगळ पाहायला बसलेल्यांनी तक्रार केली ती याचीच. जानेवारी २०१९ मध्ये ही मालिकाही पहिल्याच हंगामानंतर बंद झाली.

एका मालिकेत यान निघतच नाही, दुसरीत निघते पण मनाने घरीच राहते. दोन्हींकडून प्रेक्षकांची मागणी एकच होती : आम्हाला तिथे घेऊन चला. तिथे गेल्यावर घराची आठवण आपोआप येईल.

लोकांनी पाहिली, मग बंद का झाली?

‘अवे’ कोणी पाहिलीच नाही, असे नव्हते. प्रदर्शनानंतरच्या आठवड्यांत अमेरिकेत ती सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांच्या यादीत होती. पण ‘पाहिली’ या शब्दाचा अर्थ तेव्हा फसवा होता. २०२० मध्ये नेटफ्लिक्स किमान दोन मिनिटे पाहणाऱ्यालाही प्रेक्षक म्हणून मोजत असे. एकूण किती तास पाहिले, ही मोजणी पुढच्या वर्षाच्या अखेरीस आली. दोन मिनिटांत अग्निबाणाची भव्यता दिसते, पण दहा भाग संपवायला ओढ लागते. मालिका पुढे चालू ठेवताना खर्चाच्या तुलनेत किती लोक ती पाहतात याचा विचार होतो, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अनेकदा सांगितले आहे.

दुसरा निकष लोक त्यासाठी काय करतात, हा. मे २०१८ मध्ये सायफाय वाहिनीने ‘द एक्स्पान्स’ बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा चाहत्यांनी पैसे गोळा केले आणि ॲमेझॉन स्टुडिओजच्या कार्यालयावर मालिका वाचवण्याचे आवाहन करणारा फलक विमानाने फिरवला. त्याच महिन्यात ॲमेझॉनने मालिका ताब्यात घेतली. त्या मालिकेत यानाचा वेग वाढला की माणसाच्या शरीरावर ताण येतो, संदेशाला वेळ लागतो, पाणी आणि हवेसाठी राजकारण होते. विज्ञानाची ही शिस्त चाहत्यांच्या प्रेमाचे मोठे कारण होती. ‘अवे’साठीही हळहळणारे प्रेक्षक होते. स्वँकच्या अभिनयाचे आणि मिशा-लू यांच्या कथांचे कौतुक झालेच. पण एवढा आग्रह काही उभा राहिला नाही.

काळाचाही संदर्भ आहे. मालिका आली तेव्हा जग टाळेबंदीतून जात होते. भारतातून होणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० पासून बंद होती. पुण्यात आई-वडील आणि न्यू जर्सीत मुले, अशा असंख्य मराठी घरांना दूर असण्याचा अर्थ नव्याने कळत होता. पडद्यावर चेहरा दिसतो, पण हात धरता येत नाही. त्यामुळे काहींना ही मालिका जवळची वाटली, हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांनी खरे अंतर रोज सोसले, त्यांना पडद्यावरचे सोपे अंतर लगेच ओळखू येते, हेही तितकेच खरे.

भारतीय प्रेक्षकाचा अनुभव काय सांगतो?

संदेशाच्या विलंबातले नाट्य भारतीय प्रेक्षकांनी थेट प्रक्षेपणात अनुभवले आहे. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी ‘मंगळयान’ मंगळाच्या कक्षेत शिरत होते. मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस झोपलेले होते. दोनच दिवस आधी ते चार सेकंद चालवून पाहिले होते. आता ते २४ मिनिटे चालायचे होते. त्यातला काही काळ यान मंगळाच्या आड जाणार होते आणि संपर्क तुटणार होता. मंगळापासून बेंगळूरुपर्यंत संदेश यायला सुमारे साडेबारा मिनिटे. म्हणजे जे व्हायचे ते होऊन गेलेले, आणि कक्षात बसलेल्या शास्त्रज्ञांना व पंतप्रधानांना ते अजून ठाऊक नाही! त्या शांततेला पार्श्वसंगीत लागले नाही.

याच मोहिमेवरून प्रेरित ‘मिशन मंगल’ हा हिंदी चित्रपट १५ ऑगस्ट २०१९ रोजी आला. गॅस बंद करूनही तापलेल्या तेलात पुऱ्या तळता येतात, या घरगुती उदाहरणातून इंधनबचत समजावण्याचा त्यातला प्रसंग गाजला. चित्रपट चालला, पण विज्ञान फारच सोपे करून टाकल्याची तक्रारही झाली. प्रत्यक्षात ११ नोव्हेंबर २०१३ रोजी यानाची कक्षा एक लाख किलोमीटरपर्यंत वाढवताना ती ७८ हजारांवरच अडली आणि दुसऱ्याच दिवशी जादा प्रज्वलन करून तूट भरून काढावी लागली. खऱ्या मोहिमेतला हा एकच दिवस एका भागाची कथा होऊ शकतो.

‘चांद्रयान-२’च्या वेळी ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे पडद्यावर होता फक्त एक आलेख. त्यावरचा ठिपका ठरलेल्या रेषेवरून ढळला आणि देशाच्या काळजाचा ठोका चुकला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ उतरताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. तिथे ना नायिका होती, ना खलनायक. आकडे होते, उंची होती, वेग होता आणि पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. सामान्य प्रेक्षकाला विज्ञान झेपत नाही, असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

निर्मात्यांनी कोणता धडा घ्यावा?

‘अवे’ आणि ‘द फर्स्ट’च्या अपयशातून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जाण्याची भीती आहे. एक, अंतराळाच्या मालिका चालत नाहीत. दोन, अंतराळाच्या कथेत भावना नकोत. दोन्ही निष्कर्ष प्रेक्षकांवर अन्याय करणारे आहेत.

प्रेक्षक आकडेमोड तपासायला बसलेला नसतो. यानाचा अँटेना कोणत्या बाजूला आहे, याची त्याला फिकीर नसते. कथेने स्वतःहून सांगितलेला नियम पाळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. एकदा कोट्यवधी किलोमीटर म्हटले, की ते कोट्यवधी किलोमीटर पडद्यावर जाणवले पाहिजेत. क्रिकेटवरच्या चित्रपटात गोलंदाज बाराव्या पावलावर थकला पाहिजे, शेतीवरच्या मालिकेत पाऊस लांबला तर घरातला आवाज बदलला पाहिजे, तसेच हे.

शुभांशू शुक्ला यांनी जून-जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात मुक्काम केला आणि भारतीय घराघरांत अंतराळवीराच्या आई-वडिलांचे चेहरे पोहोचले. ‘गगनयान’ची तयारी सुरू आहे. आज ना उद्या त्यावर चित्रपट आणि मालिका येतील. त्यांत देवघरातली समई असेल, काळजीने जागणारी आई असेल, नोकरीच्या ठिकाणाहून फोन करणारी पत्नी असेल. असायलाच हवी, ती माणसे खरी आहेत. फक्त लेखकांनी त्या आईच्या हातात सहज लागणारा फोन देऊ नये. कक्षेतले यान एका केंद्राच्या टप्प्यातून निसटले आणि दुसऱ्याच्या टप्प्यात अजून आले नाही, एवढी काही मिनिटांची शांतता तिच्या वाट्याला द्यावी.

त्या मिनिटांत ती काय करते, हे दाखवणारी मालिका लोक शेवटपर्यंत पाहतील.